उपचार सुरू झाल्यावर त्रास वाढला, तर उपचार थांबवावेत का?

सोलापुरातील एका गृहस्थांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. मागच्या गळीत हंगामात, रात्रीच्या वेळी, मोहोळच्या अलीकडे त्यांच्या पत्नीची गाडी मागे दिवे नसलेल्या उसाच्या ट्रॉलीवर आदळली. गाडी चालवणारा पत्नीचा धाकटा भाऊ जागीच गेला. ती आणि सात वर्षांचा मुलगा बचावले. त्यानंतर आठ महिने ती अपघाताविषयी एक अक्षर बोलली नाही, पुणे रस्त्याकडे फिरकली नाही, पण घरातली कामे करत राहिली. अलीकडे तिने एका मानसशास्त्रज्ञांकडे उपचार सुरू केले आहेत. पाच भेटी झाल्या असून तिसऱ्या भेटीपासून तिची वाईट स्वप्ने वाढली आहेत, ती रडते, चिडते, आणि गृहस्थांच्या आईंचे म्हणणे असे की जुने उकरून काढल्यामुळेच हे झाले. उपचार थांबवावेत का, हा त्रास कोणत्या क्रमाने कमी होतो, आणि उपचार संपल्यावर तो परत येतो का, असे त्यांनी विचारले आहे.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर आधी देते. केवळ एवढ्या कारणावरून उपचार थांबवू नका. आपण सांगितलेली वेळ आणि सांगितलेली लक्षणे ही उपचाराच्या या टप्प्यावर अनेकदा दिसणारी आहेत. मात्र "हे असेच असते" म्हणून दुर्लक्षही करू नका, कारण उपचारातून उठणारी तात्पुरती खळबळ आणि खरोखरचे बिघडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि थोडे लक्ष दिले तर त्या वेगळ्या ओळखता येतात.

त्यासाठी आधी त्या आठ महिन्यांकडे पाहावे लागेल. "तेव्हा ती बरी होती, आता बिघडली" ही तुलना मला मान्य नाही. आघातोत्तर तणाव विकार, ज्याला आपण सर्रास पीटीएसडी म्हणतो, तो १९८० मध्ये अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या निदान-नियमावलीत प्रथम स्वतंत्र नावाने आला. त्याच नियमावलीच्या २०१३ च्या आवृत्तीत त्याची लक्षणे चार गटांत मांडलेली आहेत. घटना नको असताना पुन्हा पुन्हा मनात घुसणे, म्हणजे स्वप्ने, डोळ्यांसमोर येणारी दृश्ये, आठवणीने छातीत होणारी धडधड, हा पहिला गट. त्या घटनेशी संबंधित विचार, जागा, माणसे, बोलणे टाळणे हा दुसरा. अपराधीपणा, "जगात काहीच सुरक्षित नाही" अशी पक्की झालेली समजूत, मन बधिर होणे, आपल्याच माणसांविषयी काही न वाटणे हा तिसरा. आणि झोप न लागणे, दचकणे, चिडचिड, सतत सावध राहणे हा चौथा. आपली पत्नी आठ महिने गप्प होती आणि पुणे रस्त्याकडे जात नव्हती, ते दुसऱ्या गटातले लक्षण होते. ती रडली नाही, हे कदाचित तिसऱ्या गटातले असावे. घरातली कामे होत राहिली की घरच्यांना माणूस सावरला असे वाटते, पण पीटीएसडी असलेली अनेक माणसे वर्षानुवर्षे स्वयंपाक करतात, यंत्रमागावर पाळ्या भरतात, मुलांना शाळेत सोडतात. टाळण्याने त्या क्षणी खरोखर आराम मिळतो. म्हणूनच माणूस टाळत राहतो, आणि त्यामुळेच मनाला "ती घटना संपली आहे" हे कळण्याची संधी मिळत नाही.

घटनेनंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत अशी लक्षणे असणे हा आजार नव्हे, हेही येथे नोंदवते. १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात बलात्काराला तोंड द्याव्या लागलेल्या स्त्रियांपैकी ९४ टक्के स्त्रियांमध्ये सुमारे दोन आठवड्यांनी ही लक्षणे पूर्ण स्वरूपात होती. तीन महिन्यांनी हे प्रमाण ४७ टक्क्यांवर आले. म्हणजे बऱ्याच जणांचे मन आपणहून सावरते. याच कारणाने घटनेच्या दुसऱ्याच दिवशी माणसाला बसवून सगळे तपशील एका बैठकीत बोलायला लावण्याची पद्धत आता शिफारशीत राहिलेली नाही. परंतु आठ महिने उलटूनही लक्षणे टिकून असतील, तर ती केवळ काळ गेल्याने जातील अशी वाट पाहत राहणे मला योग्य वाटत नाही, आणि त्या दृष्टीने आपण योग्य वेळी योग्य पाऊल उचलले आहे.

आता तिसऱ्या भेटीविषयी. कोणत्या पद्धतीने उपचार चालू आहेत हे आपण लिहिलेले नाही, परंतु तिसऱ्या भेटीपासून बदल झाला यावरून काही अंदाज करता येतो. एड्ना फोआ यांनी विकसित केलेल्या प्रोलाँग्ड एक्स्पोजर या पद्धतीत साधारण ८ ते १५ भेटी असतात, आणि प्रत्येक भेट सुमारे दीड तासाची असते. पहिल्या दोन भेटी माहिती, श्वासाचे तंत्र आणि टाळल्या जाणाऱ्या गोष्टींची यादी करण्यात जातात. तिसऱ्या भेटीपासून रुग्ण डोळे मिटून ती घटना सुरुवातीपासून शेवटपर्यंत, आत्ता घडत असल्यासारखी, पुन्हा पुन्हा सांगतो. त्याचे ध्वनिमुद्रण होते आणि ते रोज घरी ऐकायचे असते. पॅट्रिशिया रेसिक यांच्या कॉग्निटिव्ह प्रोसेसिंग थेरपीत सहसा १२ भेटी असतात आणि भर घटनेच्या तपशिलापेक्षा त्यातून बसलेल्या समजुती तपासण्यावर असतो. फ्रान्सिन शापिरो यांच्या ईएमडीआरमध्ये आठवण मनात धरून डोळ्यांच्या हालचाली केल्या जातात. पद्धती वेगळ्या असल्या तरी तिन्हींत एक गोष्ट समान आहे. ज्या आठवणीपासून माणूस पळत होता तिच्याकडे तो, कोणीतरी सोबत असताना, ठरवून वळतो. असे वळल्यावर सुरुवातीला स्वप्ने वाढणे, दिवसाही दृश्ये येणे, भेटीनंतर संध्याकाळ जड जाणे हे समजण्यासारखे आहे.

असे किती जणांचे होते? फोआ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये नेमका हाच प्रश्न ७६ स्त्रियांच्या बाबतीत तपासला. घटना सांगण्याचा भाग सुरू झाल्यावर पीटीएसडीची लक्षणे दखल घेण्याइतकी वाढली अशा स्त्रिया सुमारे दहांत एक होत्या. चिंता वाढलेल्या पाचांत एक. महत्त्वाची गोष्ट ही, की ज्यांचा त्रास वाढला त्यांनी उपचार अर्धवट सोडण्याचे प्रमाण इतरांहून जास्त नव्हते आणि शेवटी त्यांना इतरांइतकाच फायदा झाला. या आकड्यांतून दोन्ही बाजूंच्या गैरसमजांना उत्तर मिळते. त्रास वाढला म्हणजे उपचार चुकला, हे खरे नाही. पण "त्रास वाढल्याशिवाय उपचार लागू पडत नाही" असे जे काही जण रुग्णाला धीर देण्यासाठी सांगतात, तेही खरे नाही. बहुतेकांचा त्रास लक्षणीय वाढत नाही, आणि तरीही ते बरे होतात.

म्हणून एखाद्या रात्रीवरून किंवा एखाद्या आठवड्यावरून निष्कर्ष काढू नये. अंदाजाऐवजी मोजमाप करावे. आमच्या कामात पीसीएल-५ नावाची २० प्रश्नांची एक प्रश्नावली वापरली जाते. प्रत्येक प्रश्नाला ० ते ४ गुण, एकूण ८०. साधारण ३१ ते ३३ च्या पुढे गुण असतील तर पीटीएसडीची शक्यता गंभीरपणे तपासली जाते, आणि १० किंवा त्याहून अधिक गुणांची घट झाली तर ती प्रत्यक्ष जगण्यात जाणवणारी सुधारणा समजतात. ही प्रश्नावली दर आठवड्याला किंवा दोन आठवड्यांनी भरून घेतली, की चढउतार नजरेसमोर राहतात. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात गुण वाढले, सहाव्या-सातव्यात उतरू लागले, असे चित्र दिसले तर काळजीचे कारण नाही. काहींच्या बाबतीत एका भेटीपासून दुसऱ्या भेटीपर्यंत गुण एकदम मोठ्या प्रमाणात घसरतात आणि ती घसरण टिकते. माझ्या अनुभवात हे बहुधा तेव्हा होते, जेव्हा मनात घट्ट बसलेली एखादी समजूत त्या आठवड्यात हललेली असते.

त्या समजुतींविषयी थोडे विस्ताराने लिहिते, कारण पुढच्या महिन्याभरात आपल्या घरात जे दिसेल त्याचा बराच संबंध त्यांच्याशी असेल. अशा अपघातात वाचलेल्या माणसाच्या मनात भीतीइतकाच, कधी त्याहून जास्त, अपराधीपणा असतो. "रात्री निघू नको असे मी म्हटले असते तर", "मी झोपले नसते तर मला ट्रॉली दिसली असती", "तो गेला आणि मी राहिले". हे विचार ती कोणाला सांगत नाही, कारण सांगितले की माणसे लगेच "तुझी काय चूक" म्हणतात आणि विषय मिटवतात. उपचारात हे विचार मिटवले जात नाहीत, ते तपासले जातात: त्या क्षणी तुम्हाला काय माहीत होते, काय दिसत होते, किती सेकंद होते, आणि आज जे कळते ते तेव्हा कळणे शक्य होते का. पीटीएसडीवरील उपचारांचे अनेक अभ्यास असे दाखवतात की या समजुती आधी बदलतात आणि लक्षणे त्यामागून कमी होतात. घरच्यांना मात्र समजूत बदललेली दिसत नाही, त्यांना फक्त रडणे दिसते.

या रडण्याचा अर्थ लावताना घाई करू नका. मन बधिर होते तेव्हा भीतीबरोबर दुःख आणि रागही दबलेला असतो. बधिरपणा कमी होऊ लागला की तो सगळाच वर येतो, आणि तोही घरातल्या जवळच्या माणसांवर, कारण तिथेच तो व्यक्त करणे सुरक्षित वाटते. बारीकसारीक कारणावरून चिडणे, ट्रॉलीवाल्यावर, कारखान्यावर, कधी आपल्यावरही संतापणे, भावाचा शर्ट छातीशी धरून तासभर रडणे, हे सगळे घरच्यांना बिघडणे वाटते. माझ्या दृष्टीने आठ महिन्यांच्या निर्विकार शांततेपेक्षा ते पुढचे पाऊल आहे. येथे आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. भीती ओसरल्यावर खाली जे उरते ते भावाच्या जाण्याचे दुःख आहे. ते पीटीएसडीचे लक्षण नव्हे आणि उपचाराने ते नाहीसे व्हावे अशी अपेक्षाही कोणी करू नये. इतके दिवस अपघाताचे दृश्यच मध्ये येत असल्यामुळे तिला भावाचा शोकही करता आलेला नसेल. तो आता कुठे सुरू होत असावा.

लक्षणे कमी होण्याचा क्रम सर्वांचा सारखा नसतो, तरी काही गोष्टी वारंवार दिसतात. मनात घुसणाऱ्या आठवणींची तीव्रता आधी कमी होते, संख्या नंतर. म्हणजे दृश्य अजूनही येते, पण हातपाय गार पडत नाहीत. काही मिनिटांत ती पुन्हा हातातल्या कामाकडे वळते. आठवणीचे स्वरूपही बदलते. सुरुवातीला ती तुकड्यांत असते, प्रखर हेडलाइट, काच फुटल्याचा आवाज, उसाचा वास, आणि ती प्रत्येक वेळी सर्वात भयंकर क्षणाशी येऊन थांबते. हळूहळू तिला मागचापुढचा भाग जोडला जातो: लोक धावून आले, मुलाला बाहेर काढले, रुग्णवाहिका आली, आपण जगलो. आठवणीला शेवट मिळणे हा माझ्या मते बदलाचा फार विश्वासार्ह पुरावा आहे, मग त्या आठवड्याचे गुण काहीही असोत. स्वप्नेही अशीच बदलतात. जसेच्या तसे अपघाताचे स्वप्न मागे पडते आणि त्याऐवजी गोंधळाची, मिसळलेली, कधी भाऊ जिवंत असलेली स्वप्ने पडू लागतात. ती सुखद नसतात, पण मन त्या घटनेवर काम करते आहे याची ती खूण असू शकतात.

सोलापुरात काम करताना भाषेचाही विचार करावा लागतो. येथे घरात तेलुगू, कन्नड किंवा दख्खनी बोलणारी आणि बाहेर मराठीत व्यवहार करणारी हजारो कुटुंबे आहेत. पूर्व भागातील एक बाई, जिची ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत, कारखान्यातल्या आगीविषयी मराठीत अगदी शांतपणे सांगत असे, आणि आठवडे गेले तरी तिच्या लक्षणांत काही फरक पडत नव्हता. तिला ते तेलुगूत सांगू दिले, तेव्हा पहिल्यांदा तिचा आवाज कापला, आणि बदल त्यानंतर सुरू झाला. ज्या भाषेत भीती अनुभवली त्या भाषेत ती बोलता यावी. आपल्या पत्नीच्या माहेरची भाषा वेगळी असेल तर ही गोष्ट मानसशास्त्रज्ञांच्या कानावर घाला.

टाळणे कमी होण्याचा बदल सर्वात ठळक दिसतो, आणि त्यात आपला सहभाग सर्वात जास्त आहे. उपचाराचा एक भाग म्हणून तिला पायरीपायरीने पुणे रस्त्याकडे जावे लागेल. आधी उभ्या गाडीत बसणे, मग दिवसा बाळ्यापर्यंत, मग कोंडीपर्यंत, मग सावळेश्वरच्या टोलनाक्यापर्यंत, आणि शेवटी मोहोळ. मग तेच काहीसे संध्याकाळी. प्रत्येक पायरीवर घाबरणे थोडे उतरेपर्यंत तिथे थांबायचे असते. भीती शिगेला पोहोचलेली असताना परत फिरले तर मन उलटच शिकते. ही यादी तिने आणि तिच्या मानसशास्त्रज्ञांनी ठरवायची, आपण नव्हे. आपण मात्र एक गोष्ट तपासून पाहा. अपघातानंतर प्रेमापोटी बाहेरची सगळी कामे आपण स्वतःकडे घेतली असतील, नातेवाइकांकडे जाताना रस्ता बदलला असेल, टीव्हीवर अपघाताची बातमी लागली की वाहिनी बदलली असेल. हे सगळे स्वाभाविक आहे, पण त्याने टाळणे पक्के होते. ते एकदम बंद करू नका, तिच्याशी बोलून एकेक गोष्ट कमी करत जा. भीती घालवण्यासाठी आईंनी अंगारा आणला असेल, देवाला नवस बोलला असेल, तर त्यावरून घरात वाद घालण्याची गरज नाही. श्रद्धेचा आधार घेऊन ती गाडीत बसत असेल तर उत्तमच. फक्त "नवस फेडेपर्यंत त्या रस्त्याला जायचे नाही" असे काही ठरू देऊ नका.

सर्वात चिवट लक्षण झोपेचे. पीटीएसडीतून बऱ्यापैकी बाहेर आलेल्या माणसांतही निद्रानाश मागे राहतो हे वारंवार आढळलेले आहे. याचे कारण असे की महिनोन्‌महिने नीट झोप नसली की झोप न येण्याची स्वतंत्र सवय तयार होते: अंथरुणात पडून जागे राहणे, दुपारी झोपून रात्र भरून काढणे, झोपायचीच भीती वाटणे. मूळ आघातावर काम झाले तरी ही सवय आपणहून जात नाही. तिच्यासाठी निद्रानाशावरची वेगळी वर्तनोपचार पद्धत आहे, आणि वाईट स्वप्नांसाठी असे एक तंत्र आहे ज्यात जागेपणी स्वप्नाचा शेवट बदलून तो रोज मनात घोळवला जातो. या दोन्हींविषयी तिच्या मानसशास्त्रज्ञांना जरूर विचारा. झोपेच्या गोळ्यांविषयी माझे मत स्पष्ट आहे. बेंझोडायझेपिन गटातल्या गोळ्या पीटीएसडीवरील उपचार म्हणून सुचवल्या जात नाहीत. त्यांची सवय लागते. नैराश्यावरची काही औषधे, उदाहरणार्थ सर्ट्रालिन, पीटीएसडीसाठी उपयोगी आहेत आणि ती बोलण्याच्या उपचारासोबत चालू शकतात. तिला आधीपासून कोणतेही औषध चालू असेल तर मानसोपचारतज्ज्ञांना विचारल्याशिवाय ते कमी किंवा बंद करू नका.

दचकणेही रेंगाळते. गड्ड्याच्या यात्रेतले शोभेचे दारूकाम, ट्रकचा हॉर्न, जोरात आपटलेले दार, यांनी तिचा जीव दडपेल. उपचार संपल्यानंतर काही महिने हे चालू राहू शकते आणि तेवढ्यावरून उपचार फसले असे समजू नये.

आता खरोखरच्या बिघडण्याविषयी. भेटीनंतर एक-दोन दिवस जड जाऊन मग ती पूर्ववत होत असेल, तर ती अपेक्षित खळबळ आहे. पण दोन-तीन आठवडे सलग घसरण चालू असेल, दोन भेटींच्या मधल्या काळात काहीच उसंत मिळत नसेल, तिने खाणे सोडले असेल, मुलाकडे पाहणे सोडले असेल, मधला वेळ कुठे गेला हे तिला आठवत नसेल, ती स्वतःला इजा करत असेल, किंवा "मी त्याच्याऐवजी जायला हवे होते" याच्या पुढे जाऊन मरणाच्या गोष्टी बोलू लागली असेल, तर पुढच्या भेटीची वाट न पाहता त्याच दिवशी मानसशास्त्रज्ञांना किंवा मानसोपचारतज्ज्ञांना कळवावे. मरणाचा विचार येतो का, हे आपण तिला सरळ विचारू शकता. विचारल्याने तो विचार मनात येत नाही. त्याचप्रमाणे पहिल्याच भेटीत पूर्वतयारीशिवाय सगळे तपशील काढून घेतले गेले असतील, भेट संपताना तिला स्थिरावायला वेळ दिला जात नसेल, किंवा पाच भेटी होऊनही उपचाराची आखणी तिला कोणी समजावून सांगितली नसेल, तर तो प्रश्न उपचार देण्याच्या पद्धतीचा आहे. त्याविषयी त्यांच्याशी स्पष्ट बोला, आणि गरज पडल्यास दुसऱ्या तज्ज्ञांचे मत घ्या. सोलापुरात सिव्हिलमध्येही मानसोपचार विभाग आहे. रात्री-अपरात्री कोणाशी बोलायचे झाल्यास केंद्र सरकारची टेली-मानस ही सेवा १४४१६ या क्रमांकावर मराठीतही उपलब्ध आहे.

बालपणापासून वर्षानुवर्षे झालेला छळ किंवा घरात आजही चालू असलेली मारहाण यांची गोष्ट वेगळी आहे. तिथे उपचार लांबतात आणि सुरक्षिततेचा प्रश्न आधी सोडवावा लागतो. आपल्या पत्नीच्या बाबतीत तसे काही असल्याचे आपण लिहिलेले नाही, म्हणून त्याच्या तपशिलात जात नाही.

उपचार संपल्यानंतर काय होते, याचे प्रामाणिक उत्तर आशादायक आहे पण सरसकट नाही. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, अनेक अभ्यास एकत्र करून केलेल्या विश्लेषणात उपचार पूर्ण करणाऱ्यांपैकी ६७ टक्के लोकांना पुढे पीटीएसडीचे निदान लागू राहिले नाही; मध्येच सोडणारे धरले तर हे प्रमाण ५६ टक्के होते. म्हणजे बहुसंख्य लोक निदानाच्या रेषेखाली येतात, पण सगळे नाही, आणि रेषेखाली आलेल्यांतही काही लक्षणे उरतात. मिळालेला फायदा मात्र टिकतो. रेसिक आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये, प्रोलाँग्ड एक्स्पोजर किंवा कॉग्निटिव्ह प्रोसेसिंग थेरपी घेतलेल्या स्त्रियांची ५ ते १० वर्षांनंतर पुन्हा तपासणी केली, तेव्हा त्यांच्यापैकी सुमारे पाचांत चार जणींना पीटीएसडी नव्हता. उपचार संपल्यानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत सुधारणा पुढेही चालू राहू शकते, कारण शिकलेली गोष्ट माणूस रोजच्या जगण्यात वापरत जातो. सगळी लक्षणे शून्य झाल्यावरच भेटी थांबवाव्यात असा आग्रह म्हणूनच मी धरत नाही.

परत येण्याविषयी असे की लक्षणे अधूनमधून डोके वर काढतात, विशेषतः वर्षाच्या त्या दिवसांत. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला, तेव्हा गावोगावचे लोक गणपतीचे विसर्जन करून झोपलेले होते. तो अनुभवलेल्या काही जणांना पुढे कित्येक वर्षे विसर्जनाचे ढोल वाजू लागले की झोप येत नसे, हे आमच्या भागातील अनेक डॉक्टरांना ठाऊक आहे. आपल्या घरात ती वेळ गळीत हंगाम सुरू होण्याची असेल. कारखान्यांची धुराडी पेटतील, रस्त्यावर ट्रॉल्या दिसू लागतील, हवेत मळीचा वास येईल, आणि बरी झालेली आपली पत्नी दोन-तीन आठवडे पुन्हा अस्वस्थ होईल. हे आधीच ठाऊक असले तर घाबरायचे कारण नाही. उपचार संपत असतानाच त्या महिन्यातली एक भेट ठरवून ठेवा, ध्वनिमुद्रण ऐकण्याचा किंवा रस्त्यावर जाण्याचा सराव त्या काळात पुन्हा काही दिवस चालू ठेवा, आणि वर्षश्राद्धाच्या दिवशी ती काय करू इच्छिते हे तिलाच ठरवू द्या. अशा वेळी लागणाऱ्या भेटी सहसा थोड्याच असतात. सगळे पहिल्यापासून सुरू करावे लागत नाही. तिने पुन्हा रस्ता टाळायला सुरुवात केली आणि ते महिनाभर टिकले, तर मात्र ते थोपवण्यासाठी लगेच भेट घ्या, कारण बाकीची लक्षणे बहुधा टाळण्याच्या मागोमाग परत येतात.

मुलाविषयी आपण काही विचारले नाही, तरी लिहिते. सात वर्षांचे मूल बोलून सांगत नाही. ते खेळण्यातल्या गाड्या पुन्हा पुन्हा एकमेकींवर आदळवते, अंथरूण ओले करू लागते, आईला सोडत नाही, शाळेत गप्प होते. आई सुधारली की मुलेही बरीच सावरतात, परंतु यातले काही दिसत असेल तर त्यालाही स्वतंत्रपणे तज्ज्ञांना दाखवा. त्याच्यासमोर अपघाताचा विषय बंद ठेवण्याची गरज नाही. त्याने विचारले तर खरे, थोडक्यात आणि शांतपणे सांगा, आणि मामा गेला यात त्याची काही चूक नव्हती हे स्पष्ट शब्दांत सांगा.

पुढच्या भेटीला पत्नीची संमती असेल तर आपण सोबत जा, आणि आईंनाही एकदा न्या. तिथे तीन गोष्टी विचारा: पहिल्या भेटीपासून आतापर्यंतचे गुण काय आहेत, उरलेल्या भेटींची आखणी काय आहे, आणि आम्ही घरी नेमके काय करावे व काय करू नये. घरी ध्वनिमुद्रण ऐकायचे असेल तर तिला रोज तासभर एकांत मिळेल अशी सोय करा. घर लहान असेल तर गच्चीवर, इअरफोन लावून. त्या वेळी मुलाला आणि आईंना आपण सांभाळा. ती काय ऐकते, भेटीत काय बोलली, हे विचारू नका. ती सांगेल तेव्हा ऐका. वाईट स्वप्नातून ती दचकून उठली तर दिवा लावा, पाणी द्या, ती घरात आहे आणि मुलगा शेजारी झोपला आहे एवढे सांगा, आणि सकाळी तिला भेटीला जायचे असेल तर तिला वेळेवर पोहोचवा.